मशीनने नाव दिलं नाही, तर प्लेट फेकू नका

शेळीचा गर्भपात होतो. तिचा मालक पंधरा दिवसांनी अंगदुखी आणि संध्याकाळी चढणारा ताप घेऊन डॉक्टरकडे जातो. शेळीचा नमुना पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत, माणसाचं रक्त रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. दोन्हीकडे प्लेटवर बारीक वसाहती उगवतात, दोन्हीकडे जीवाणू ओळखणारं मशीन ‘ओळख नाही’ म्हणतं, किंवा भलतंच नाव छापतं. आठवड्याभरात दोन्ही प्लेटा निर्जंतुक करून फेकायला ऑटोक्लेव्हमध्ये जातात. त्या दोन जीवाणूंची गाठ कधी पडतच नाही.

रोग निर्माण करणारी जीवाणूची नवी प्रजाती घनदाट जंगलातच सापडते असं नाही. बऱ्याचदा ती आधीच कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये चुकीच्या नावाने पडून असते. कुत्र्यांच्या कातडीवरचा स्टॅफिलोकोकस घ्या. वर्षानुवर्षं त्याला ‘इंटरमीडियस’ म्हणत होते. २००५ मध्ये स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस ही वेगळी प्रजाती मांडली गेली आणि कुत्र्यांतले बहुतेक नमुने याच प्रजातीचे निघाले. माणसाच्या जखमेतून तो आला की कोअॅग्युलेज चाचणी पॉझिटिव्ह येते, म्हणून त्याला सरळ माणसांत नेहमी सापडणारा ऑरियस म्हटलं जातं. यात नुकसान रुग्णाचं होतं. ऑरियससाठी मेथिसिलिन-रोध शोधायला आपण सिफॉक्सिटिनची चकती लावतो. स्यूडइंटरमीडियसमध्ये ती चकती रोध चुकवू शकते, तिथे ऑक्सासिलिनच लावावं लागतं. म्हणजे नाव चुकलं की औषधही चुकू शकतं. नवी प्रजाती ओळखण्याचा खटाटोप आम्ही एवढा मनावर घेतो तो यासाठी. शोधनिबंध हा त्याचा दुय्यम लाभ.

नागपुरात हे काम करायला लागणारं जवळजवळ सगळं आहे. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय, माफसू म्हणजे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथलंच, मेडिकल, मेयो आणि एम्स ही तीन मोठी रुग्णालयं, गोरेवाड्याला वन्यप्राण्यांचं केंद्र, आणि ११ डिसेंबर २०२२ ला पायाभरणी झालेली, माणूस आणि प्राणी यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारी राष्ट्रीय वन हेल्थ संस्था. आजूबाजूला बेरारी शेळी, गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस आणि त्यांच्यासोबत एकाच आवारात राहणारी माणसं. कमी पडते ती गोष्ट एकच, ती म्हणजे नमुना घेतल्यापासून पहिल्या काही दिवसांतली शिस्त. जिनोम सिक्वेन्सिंग पैसे भरून कुठूनही करून घेता येतं. मेलेला किंवा भेसळ झालेला जीवाणू मात्र परत आणता येत नाही.

नमुना

गर्भपाताच्या बाबतीत सगळ्यात स्वच्छ नमुना गर्भाच्या पोटातला द्रव. गर्भाच्या जठरावर तापवलेला स्पॅच्युला टेकवून पृष्ठभाग जाळून घ्यायचा आणि निर्जंतुक सुईने २ ते ३ मिली द्रव ओढायचा. त्यासोबत फुप्फुस, प्लीहा आणि यकृताचे तुकडे, प्रत्येकाची डबी वेगळी. वारेचा म्हणजे जाराचा तुकडाही घ्यावा, पण तो जमिनीवर, शेणात पडलेला असतो. त्यातून आलेल्या वाढीवर एकट्याने विश्वास ठेवू नये. प्रत्येक अवयवाचा दुसरा तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये टाका, जाडी अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त नको आणि फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट. दोन्ही डब्यांची अदलाबदल झाली की सगळं संपतं, कारण फॉर्मलिनमधून काहीही वाढत नाही. डबीवर घरीच मोठ्या अक्षरांत लिहून निघा.

हे करताना दुहेरी हातमोजे, एन-९५ मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. गरोदर बाईने तिथे अजिबात थांबू नये, मग ती घरची असो की परिचर. उरलेला गर्भ आणि जार चुना टाकून खोल पुरायला सांगा. उकिरड्यावर टाकला तर कुत्री तो गावभर फिरवतात.

दुधाचा नमुना घेताना सड ७० टक्के अल्कोहोलने पुसून, वाळू देऊन, पहिल्या दोन-तीन धारा सोडून मग ५ ते १० मिली दूध घ्यायचं. माणसाच्या रक्ताचे दोन संच, दोन वेगळ्या हातांतून, मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. हे शेवटचं सगळ्यात जास्त मोडतं. गावातून येईपर्यंत रुग्णाला दोन इंजेक्शनं आणि गोळ्यांची एक पट्टी मिळालेली असते, शेळीलाही ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचलेलं असतं. तरी नमुना घ्या, फक्त अर्जावर औषधाचं नाव आणि तारीख लिहा. नाहीतर वाढ न होण्याचा अर्थ लावता येत नाही.

आता नागपूरचं ऊन. मे महिन्यात ४५ अंशांत दुचाकीच्या डिकीत तासभर ठेवलेला स्वॅब म्हणजे शिजवलेला स्वॅब. ऊतींचे तुकडे आणि ट्रान्सपोर्ट माध्यमातले स्वॅब लसीच्या कॅरियरमधून २ ते ८ अंशांवर न्या, पण बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं तरी नुकसानच. रक्ताच्या कल्चर बाटल्यांचं उलट आहे. त्या फ्रीजमध्ये कधीच ठेवायच्या नाहीत, खोलीच्या तापमानाला ठेवायच्या असं पुस्तक सांगतं. त्या पुस्तकातली खोली २०-२५ अंशांची आहे, आपल्याकडची मे महिन्यातली नव्हे. बाटल्या एसी असलेल्या खोलीत ठेवा आणि लवकरात लवकर मशीनमध्ये लावा.

प्लेट

मेंढीच्या ५ टक्के रक्ताचं ब्लड अगर, चॉकलेट अगर, मॅकॉन्की. पहिली दोन ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, ३५ ते ३७ अंशांवर. मेणबत्तीच्या बरणीत साधारण ३ टक्केच मिळतो, बहुतेकांना तो पुरतो, सगळ्यांना नाही. अनेक ठिकाणी मेंढीच्या रक्ताऐवजी रक्तपेढीची मुदत संपलेली पिशवी वापरली जाते. तिच्यात सायट्रेट असतं, दात्याच्या प्रतिपिंडांचा आणि त्याने घेतलेल्या औषधांचा अंश असू शकतो, आणि रक्त विरघळण्याचा नमुना वेगळाच दिसतो. नाजूक जीवाणू तिथेच मरतो आणि आपण ‘वाढ नाही’ लिहून मोकळे होतो. मेंढीचं रक्त मिळवण्यासाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखा शेजारी असलेल्या शहरात ही सबब चालू नये.

४८ तासांनी प्लेट बंद करायची सवय सोडा. जनावरांत गर्भपात आणि माणसात ताप आणणारी ब्रुसेला दिसायला दोन ते चार दिवस घेते. कुत्र्याच्या चाव्यातून रक्तात जाणारा कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस दोन ते पाच दिवस घेतो. तो १९७६ पासून माहीत होता, पण ‘डीएफ-२’ अशा नुसत्या सांकेतिक नावाने ओळखला जायचा, खरं नाव १९८९ मध्ये मिळालं. संशयित नमुन्याच्या प्लेटा सात ते दहा दिवस ठेवा. त्यासाठी त्या वाळायला नकोत, म्हणून ९० मिमीच्या प्लेटमध्ये २० ते २५ मिली माध्यम ओता आणि इन्क्युबेटरमध्ये पाण्याचं भांडं ठेवा. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात पातळ ओतलेली प्लेट चौथ्या दिवशी तडकते.

इन्क्युबेटरचीही एक गोष्ट इथे वेगळी आहे. लेप्टोस्पायरोसिसच्या लेप्टोस्पायरा जीवाणूला ईएमजेएच माध्यमात २८ ते ३० अंश लागतात. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोली ४० अंशांवर गेली की त्याची पट्टी ३० दाखवत असली तरी आत ४० च असतात. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर नसेल तर एप्रिल ते जून हे काम हाती घेऊ नये, आणि कुठलाही इन्क्युबेटर असो, आत वेगळा थर्मामीटर ठेवावा.

बारीक, ग्रॅम-निगेटिव्ह, गोलसर दांडुके, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, युरिएज झटपट पॉझिटिव्ह असं काही दिसलं की तिथेच थांबायचं. प्लेट हुंगायची नाही, उघड्या टेबलावर कॅटालेजचे बुडबुडे काढायचे नाहीत. पुढचं सगळं बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये. ब्रुसेला ही प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना होणाऱ्या संसर्गांमध्ये अग्रक्रमावर आहे आणि तिला हवेतून शिरायला फार थोडे जीवाणू पुरतात. नव्या प्रजातीच्या उत्साहात ही खबरदारी सुटता कामा नये, कारण नवी आहे म्हणजे ती किती घातक आहे हे कुणालाच माहीत नाही.

साध्या चाचण्याही फसवतात. ऑक्सिडेजसाठी नायक्रोमची तार वापरली तर खोटं पॉझिटिव्ह येतं, लाकडी काडी किंवा प्लॅटिनम वापरा. कॅटालेज ब्लड अगरवरून करू नका, लाल पेशींत स्वतःचंच कॅटालेज असतं. ग्रॅम रंजन २४ तासांच्या आतल्या वाढीवर करा. जुने ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणू रंग सोडून देतात आणि मग ‘नवीन ग्रॅम-निगेटिव्ह’ सापडल्याचा भास होतो.

शुद्धता आणि साठा

नवी प्रजाती म्हणून पुढे केलेल्या कितीतरी गोष्टी दोन जुन्या प्रजातींचं मिश्रण असतात. एक वसाहत उचला, नव्या प्लेटवर रेषा ओढा, त्यातली एकटी वसाहत उचला, पुन्हा रेषा. असं तीनदा, आणि तेही निवडक माध्यमावर नाही, ब्लड अगरवर. निवडक माध्यमात दुसरा जीवाणू मरत नाही, दबून बसतो. मोठ्या वसाहतीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी दुसरी दिसते का, ते भिंगाखाली पहा. दोन आकारांच्या वसाहती शेवटपर्यंत येत राहिल्या तर त्या एकाच जीवाणूची दोन रूपं असू शकतात, दोन्ही वेगवेगळ्या साठवा.

साठवायचं ते याच टप्प्यावर, मशीनकडे जाण्याआधी. २० टक्के ग्लिसरॉल असलेल्या ब्रेन-हार्ट रसात ताजी वाढ दाट मिसळून १ मिलीच्या किमान पाच कुप्या, उणे ८० अंशांवर, शक्यतो दोन वेगळ्या इमारतींत. पहिल्या प्लेटवरची मिश्र वाढसुद्धा एका कुपीत ठेवा. पुढे शंका आली तर मूळ नमुन्यात काय होतं ते तिथूनच कळतं. उणे २० चा घरगुती पद्धतीचा फ्रीझर चालत नाही, त्यात कुप्या वितळत-गोठत राहतात आणि काही महिन्यांत निम्म्या मेलेल्या निघतात. उणे ८० चा फ्रीझर भिंतीपासून हात-दीड हात दूर, एसीच्या खोलीत, वीज गेल्याची घंटा वाजेल असा. भर उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बसतो तो बहुधा धुळीने बुजलेल्या जाळीमुळे. ती दर महिन्याला साफ करणं हे कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

कुपीवर क्रमांक, तारीख आणि कितवी पिढी एवढं पुरे. वहीत मात्र प्राणी, जात, वय, लक्षणं, गाव, गोठ्यातली बाकी जनावरं, दिलेली औषधं आणि लसी. लसीची नोंद फार महत्त्वाची आहे. ब्रुसेलाची एस-१९ लस ४ ते ८ महिन्यांच्या वासरांना, फक्त मादींना देतात आणि ती जिवंत असते. लसीकरण झालेल्या गोठ्यात सापडलेली ब्रुसेला लसीचीच असू शकते. टोचताना सुई हातात गेलेल्या माणसालाही ती आजारी पाडू शकते.

मशीन काय सांगतं

जीवाणूतल्या प्रथिनांच्या वर्णपटावरून नाव शोधणारं माल्डी-टॉफ हे आता ओळखीचं पहिलं यंत्र झालं आहे. ब्रुकरच्या यंत्रात २.० किंवा त्यावर गुण आले तर प्रजातीपर्यंत भरवसा, १.७ ते १.९९ मध्ये वंशापर्यंत, त्याखाली ओळख नाही. कमी गुण आले म्हणजे नवी प्रजाती, असं नसतं. थर जाड लावला, वसाहत तीन दिवसांची होती, चिकट शेंबडासारखी होती, यंत्राची नमुना ठेवायची पट्टी घासून घासून जुनी झाली होती, यातलं काहीही कारण असू शकतं. आधी पूर्ण निष्कर्षण, म्हणजे प्रथिनं वेगळी काढून पहा. वसाहती ३०० मायक्रोलिटर पाण्यात मिसळा, ९०० मायक्रोलिटर इथेनॉल घाला, फिरवा, द्रव पूर्ण काढून गाळ वाळू द्या, मग ७० टक्के फॉर्मिक आम्ल आणि तेवढंच अॅसिटोनायट्रिल. पुन्हा फिरवून वरचा १ मायक्रोलिटर पट्टीवर ठेवा आणि वाळल्यावर १ मायक्रोलिटर मॅट्रिक्स. गाळात इथेनॉल राहिलं तर आम्ल पातळ होतं आणि गुण घसरतात. यानंतरही तीन वेगळ्या दिवशी गुण १.७ च्या आसपासच राहिले, तर मात्र पुढे जायला कारण आहे.

कमी गुणांपेक्षा आत्मविश्वासाने आलेलं चुकीचं नाव जास्त घातक. यंत्राच्या संग्रहात जे नाही ते त्याला दिसत नाही, ते जवळचं नाव देतं. ब्रुसेलाला तिच्या जवळच्या ऑक्रोबॅक्ट्रमचं नाव दिलं जाणं हा जगभरातला नेहमीचा घोटाळा आहे, जैवरासायनिक चाचण्यांच्या एपीआय २० एनई पट्टीतही आणि माल्डीतही. २०२० मध्ये वर्गीकरणकारांनी ऑक्रोबॅक्ट्रमच्या प्रजाती ब्रुसेला वंशातच घातल्या, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. आमचं मत स्पष्ट आहे. अहवालात जुनं नाव कंसात लिहावं आणि गर्भपात किंवा सांधेदुखीसह तापाच्या रुग्णातून असं नाव आलं की ब्रुसेला नाही हे पीसीआरने सिद्ध होईपर्यंत ती ब्रुसेलाच धरावी. एलिझाबेथकिंगिया अॅनोफेलिसचंही असंच झालं. २०११ मध्ये तिचं वर्णन आफ्रिकेतल्या अॅनोफिलिस डासाच्या आतड्यातून आलेल्या जीवाणूवरून झालं. नंतर लक्षात आलं की नवजात बाळांच्या मेंदूज्वरात त्याच वंशातली मेनिंगोसेप्टिका म्हणून नोंदलेले कितीतरी जीवाणू प्रत्यक्षात हीच प्रजाती होते.

१६एस आणि त्याच्या मर्यादा

जीवाणूंची ओळख पटवायला वापरतात ते १६एस आरआरएनए जनुक सुमारे १,५०० अक्षरांचं. २७एफ आणि १४९२आर या प्रायमरांनी ते जवळजवळ पूर्ण मिळतं, ५५ अंशांच्या आसपास जोडणी, ३० ते ३५ फेऱ्या, १ टक्का अगारोजवर एकच स्वच्छ पट्टा. सँगर वाचनात एका बाजूने ७०० ते ८०० अक्षरंच भरवशाची असतात, म्हणून दोन्ही टोकांकडून आणि मधून आणखी एका प्रायमरने वाचा. आलेखात जागोजाग दुहेरी शिखरं दिसली तर प्लेट शुद्ध नाही, परत मागे जा. मोजक्याच ठिकाणी दुहेरी असतील तर ती एकाच जीवाणूतल्या वेगवेगळ्या प्रतींमधली तफावत असू शकते. ई. कोलायमध्ये या जनुकाच्या सात प्रती असतात. पाण्याचा नकारात्मक नमुना प्रत्येक वेळी लावा, पीसीआरच्या एन्झाइममध्येही जीवाणूंचा डीएनए सापडतो.

तुलना कशाशी करायची इथे सगळ्यात जास्त घसरतात. सार्वजनिक साठ्यात ब्लास्ट करून (म्हणजे जुळणारी अक्षरमाला शोधून) वरचं पहिलं नाव उचलणं म्हणजे ओळख नव्हे, तिथली नावं टाकणाऱ्याने दिलेली असतात. तुलना टाइप स्ट्रेनशीच, म्हणजे त्या प्रजातीचं वर्णन ज्यावर झालं त्या मूळ वाणाशी. ईझीबायोक्लाउड या संकेतस्थळावर ही सोय आहे. साम्य ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी आलं तर नवी प्रजाती असण्याचा संभव चांगला. पूर्वीची ९७ टक्क्यांची रेषा आता वापरू नका. आणि साम्य ९८.७ च्या वर आलं म्हणून जुनीच प्रजाती असंही म्हणता येत नाही. काळपुळीचा बॅसिलस अँथ्रासिस आणि बॅसिलस सिरियस १६एसवर वेगळे काढता येत नाहीत, न्यूमोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस मायटिसची ९९ टक्क्यांहून जास्त जुळणी होते. तिथे आरपीओबी, गायरबी, रेकए अशी जनुकं पहावी लागतात. खरं म्हणजे आता जिनोमच.

जिनोमसाठी इल्युमिना यंत्रावर किमान ५० पट वाचन, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ५० वेळा. जोडणी झाल्यावर आधी चेकएम या प्रोग्रॅमने भेसळ तपासा. पूर्णता ९५ टक्क्यांच्या वर, भेसळ ५ टक्क्यांच्या खाली. भेसळ १० टक्के आली तर बाकीचे आकडे पाहण्यात अर्थ नाही. मग जवळच्या सगळ्या टाइप स्ट्रेनशी एएनआय काढा, म्हणजे दोन जिनोमांच्या समान भागांतलं सरासरी साम्य. ९५ ते ९६ च्या खाली वेगळी प्रजाती. सोबत डिजिटल डीएनए-डीएनए संकरणाची ७० टक्क्यांची रेषा. अपुऱ्या जोडणीच्या जिनोमासाठी हे संकरण मोजणाऱ्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमधलं सूत्र २ वापरायचं, कारण ते जिनोमाच्या लांबीवर अवलंबून नाही. एखाद्या जवळच्या टाइप स्ट्रेनचा जिनोम साठ्यात नसेल तर तो वाण मागवून स्वतः वाचून घ्यावा लागतो. परीक्षक हे पहिल्याच फेरीत विचारतात.

आकडा हे शेवटचं प्रमाण आहे असं मात्र आम्ही मानत नाही. क्षयाचा मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस आणि गोवंशातला बोव्हिस यांचा एएनआय ९९ च्या वर आहे. त्यावरून २०१८ मध्ये ही सगळी एकच प्रजाती असल्याचं मांडलं गेलं, आणि आकड्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण बोव्हिसवर पायराझिनमाइड मुळातच चालत नाही. रुग्णाच्या अहवालात तो फरक दिसलाच पाहिजे, वर्गीकरणाच्या यादीत नाव राहो की जावो.

यानंतर उरतं ते जुन्या पद्धतीचं मोजमाप: कोणत्या तापमानात, किती पीएचला, किती टक्के मिठात वाढतो, कोणत्या साखरा वापरतो, पेशीतली मेदाम्लं कोणती. हे कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय वर्णन होत नाही. एक नियम पाळा. जवळच्या टाइप स्ट्रेन शेजारी ठेवून, त्याच माध्यमावर, त्याच दिवशी करा. मेदाम्लं माध्यम आणि तापमानानुसार बदलतात, दुसऱ्याच्या निबंधातला तक्ता उचलून तुलना केली तर नसलेला फरक दिसतो.

रोग त्यानेच केला का

नवा जीवाणू सापडणं आणि नवा रोगकारक सापडणं या दोन गोष्टी आहेत. शेळीच्या योनीतून, माणसाच्या कातडीवरून नवी प्रजाती मिळाली तर ती तिथली रहिवासीच असण्याची शक्यता मोठी. रक्त, मेंदूतलं पाणी, सांध्यातला द्रव, गर्भाचं जठर अशा एरवी निर्जंतुक जागेतून, एकापेक्षा जास्त रोग्यांतून आणि शुद्ध वाढीत आली तर दावा मजबूत होतो. फॉर्मलिनमधले तुकडे इथे कामी येतात. सूज जिथे आहे तिथेच जीवाणू आहे, हे ऊतीच्या कापात फक्त त्याच जीवाणूला चिकटणाऱ्या प्रोबने दाखवता आलं पाहिजे. रक्तद्रवाचे दोन नमुने घ्या, एक आजाराच्या सुरुवातीला, दुसरा २ ते ४ आठवड्यांनी, दोन्ही एकाच दिवशी एकाच प्लेटवर तपासा. प्रतिपिंडांत चौपट वाढ दिसली तर शरीराने त्या जीवाणूशी आत्ताच झुंज दिली आहे. आणि कळपातल्या निरोगी जनावरांतही शोधा. ज्यांना काहीच झालं नाही त्यांच्यातही तो तेवढाच सापडत असेल तर दावा मागे घ्यायला हवा. प्राण्यांवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिक समितीची परवानगी आधी हवी, आणि बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही.

शेळीतला आणि माणसातला जीवाणू एकाच प्रजातीचा निघाला, म्हणजे शेळीकडूनच माणसाला आला असं होत नाही. दोघांनाही तिसऱ्याच ठिकाणाहून, पाण्यातून किंवा गोचिडीतून, मिळालेला असू शकतो, माणसाकडून जनावराकडेही जाऊ शकतो. त्यासाठी दोन्ही जिनोम एकाच पद्धतीने वाचून एकेका अक्षराचा फरक मोजतात, त्याच भागातले संबंध नसलेले काही वाण सोबत ठेवतात आणि तारखा-गावांची नोंद जुळवून पाहतात. नेमक्या याच टप्प्यावर पशुवैद्यक आणि रुग्णालय यांच्या वह्या एकत्र लागतात. गावाचं नाव एकीकडे ‘काटोल’ आणि दुसरीकडे ‘नागपूर ग्रामीण’ असं असेल तर जिनोम कितीही चांगला असला तरी उत्तर मिळत नाही.

प्लेटवर न वाढणाऱ्यांचा रस्ता वेगळा. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. तिचा ऑरिएन्शिया जिवंत पेशींतच वाढतो, तोही बीएसएल-३ या कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेत. त्यासाठी अंगावरच्या काळ्या खपलीचा तुकडा पीसीआरला पाठवणं सगळ्यात फलदायी, रक्तापेक्षाही. या वंशात दुबईत झालेल्या संसर्गातून २०१० मध्ये ऑरिएन्शिया च्युटो वर्णिली गेली, तिचं नाव ‘कॅन्डिडेटस’ या तात्पुरत्या दर्जाने वापरलं जातं.

अहवाल, ठेव, नाव

निबंध छापून येईपर्यंत वर्ष जातं, रुग्ण मात्र आज खाटेवर आहे. अहवालात वंशाचं नाव आणि ‘प्रजाती निश्चित नाही’ असं लिहा आणि डॉक्टरांना फोन करा. औषधांसाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण काढा, सोबत ई. कोलाय एटीसीसी २५९२२ सारखा नियंत्रक वाण. आकडा द्या, पण ‘संवेदनशील’ किंवा ‘रोधक’ असा शिक्का मारू नका. नव्या प्रजातीसाठी तशा सीमा ठरलेल्याच नसतात, दुसऱ्या प्रजातीची सीमा लावणं म्हणजे अंदाजाला निकालाचा पोशाख घालणं.

नाव वैध व्हायचं तर टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत ठेवावा लागतो, तोही कुणालाही मागता येईल अशा अटीवर. भारतात पुण्याच्या एनसीसीएसमधला राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह किंवा चंडीगढचा एमटीसीसी, बाहेर जर्मनीचा डीएसएमझेड, जपानचा जेसीएम, कोरियाचा केसीटीसी. जैवविविधता कायदा २००२ नुसार नव्या प्रजातीचा नमुना नेमलेल्या भारतीय संग्रहात द्यावाच लागतो, आणि परदेशी पाठवण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या नियमांची पूर्तता करावी लागते. हे कागद जिनोम वाचायला पाठवता त्याच आठवड्यात सुरू करा, शेवटी ठेवले तर तयार निबंध महिनोन्‌महिने पडून राहतो. रोगकारक असेल तर प्रत्येक संग्रह घेत नाही, आधी पत्र लिहून विचारा. ब्रुसेलासारख्या जीवाणूचं कल्चर विमानाने जाताना वर्ग ‘अ’, यूएन २८१४ च्या वेष्टनातच जातं, साध्या कुरिअरच्या डब्यात नाही.

वर्णन आयजेएसईएम या जीवाणूंच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापलं किंवा दुसरीकडे छापून तिथल्या वैधतेच्या यादीत आलं, तरच नाव अधिकृत. एकाच वाणावर वर्णन करता येतं, पण शक्यतो पाच-सहा वाण, वेगवेगळ्या गोठ्यांतले, गोळा होईपर्यंत थांबा. एका वाणावरून मांडलेला गुणधर्म प्रजातीचा की त्या एकट्याचा, हे सांगता येत नाही. नाव लॅटिन व्याकरणाने, वंशाच्या लिंगानुसार चालतं. ब्रुसेलासोबत ‘नागपुरेन्सिस’, मायकोबॅक्टेरियमसोबत ‘नागपुरेन्से’. स्वतःचं नाव देण्याचा रिवाज नाही. गावाचं नाव देतानाही आम्ही दोनदा विचार करू. रोगाशी गावाचं नाव जोडलं की तिथल्या दूधवाल्याला आणि शेळीपालकाला ते वर्षानुवर्षं भोवतं. प्राण्याचं, अवयवाचं किंवा गुणधर्माचं नाव बरं.

नाव छापून आल्यावर एक काम उरतं आणि ते बहुतेक जण करत नाहीत. टाइप स्ट्रेनचं माल्डीचं मुख्य वर्णपट स्वतः तयार करा. निष्कर्षणाचे ८ ठिपके, प्रत्येक ३ वेळा वाचून २४ वर्णपट, त्यातले विसंगत काढून किमान २० ठेवा आणि त्यांचा एक संदर्भ बनवा. शक्य तितक्या वाणांचे असे संदर्भ करून फाइल शहरातल्या, त्याच कंपनीचं यंत्र असलेल्या प्रत्येक प्रयोगशाळेला द्या, पशूंच्या आणि माणसांच्या दोन्ही. मग त्यांच्या जुन्या, १.७ च्या आसपास अडकलेल्या नोंदींवर तो संदर्भ पुन्हा चालवता येतो. यंत्रात कच्चे वर्णपट साठवलेले असतील तर त्यासाठी प्लेटही लागत नाही.